एकनाथला स्वतःची कणव का येत नाही?

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ची चर्चा निघाली की शेती निघते. नापिकी, कर्ज, पडलेले भाव, आत्महत्या. यात चूक काही नाही. कादंबरी २००२ साली आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, आणि त्याच काळात विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या सतत पेपरात येत होत्या. तिच्याकडे पुरावा म्हणून बघितलं जाणं साहजिक होतं. पण त्या गडबडीत एक गोष्ट मागे राहून गेली. 'बारोमास' ही एका शिकलेल्या, लग्न झालेल्या, नोकरी नसलेल्या तरुण माणसाची कादंबरी आहे, आणि त्या माणसाला सगळ्यात जास्त राग स्वतःचा येतो. मला या रागाबद्दल लिहायचं आहे.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. देशमुख बुलडाणा जिल्ह्यातल्या अमडापूरचे. कादंबरीही त्याच मातीतली, म्हणजे वऱ्हाडातली. एकनाथ तनपुरे हा सुभानराव आणि शेवंतामायचा मोठा मुलगा. चांगला शिकलेला, मास्तर व्हायला लायक, पण संस्थेत लागायचं तर आधी पैसे मोजावे लागतात आणि ते घरात नाहीत. म्हणून तो शेतीत. धाकटा मधू हे सगळं बघतोय आणि त्याचा हिशेब सरळ आहे: जमीन विका, पैसे भरा, मला तरी लागू द्या. एकनाथची बायको अलका शिकलेली, शहरात वाढलेली. लग्न करताना तिच्या घरच्यांनी पोराची डिग्री बघितली होती. डिग्रीची नोकरी झाली नाही, आणि ती या घरात गुदमरते आहे. शेवट सांगत नाही, वाचा.

आता यातल्या 'लागणे' या शब्दाकडे बघा. आपल्याकडे माणूस नोकरी करत नाही, तो 'लागतो'. 'तो लागला का?' 'नाई, अजून लागला नाई.' मोटर लागावी, नंबर लागावा, तसा. अमरावतीच्या कुठल्याही अभ्यासिकेच्या पायऱ्यांवर किंवा अकोल्याच्या एसटी स्टँडवर ओळखीचं माणूस भेटलं की पहिला प्रश्न येतो, 'मग, सध्या काय चालू हाये?' विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण त्याला माहीत असतं की या प्रश्नाला एकच उत्तर चालतं. एकनाथ या प्रश्नाच्या आत राहतो. सकाळी वावरात जातो, राबतो, घर चालवतो, पण त्याच्या स्वतःच्या हिशेबात हे काम धरलंच जात नाही. तो अजून लागलेला नाही, म्हणून तो काही करतच नाही.

कादंबरी वीस वर्षांहून जुनी झाली, मधे बरंच काही बदललं. शिक्षकांच्या भरतीत संस्थेने मनमानी करू नये म्हणून राज्यात शिक्षक अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आलं. म्हणजे कागदावर तरी एकनाथचा प्रश्न सुटायला हवा होता. पहिली चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी झाली २०२३ मध्ये. मधली पाच वर्षं कुणाच्या बावीस ते सत्तावीस होती, कुणाच्या पंचवीस ते तीस. मी त्या वर्षांत अमरावतीत होते, बी.एड. होऊन बसलेल्या मुलींच्या एका खोलीत. एक तासिका तत्त्वावर शिकवायची, एक शिकवण्या घ्यायची, एक दर महिन्याला गाव आणि खोली यांच्यात ये-जा करायची. लाच मागणारा माणूस समोर असला की निदान त्याचा राग तरी करता येतो. उशीर करणाऱ्या पोर्टलचा राग कुणी कसा करायचा? तो फिरून आपल्याकडेच येतो. 'बारोमास' आमच्या खोलीत हातोहात फिरली ती शेतीसाठी नाही. आमच्यातल्या दोघींच्या घरी तर शेती नव्हतीच.

वऱ्हाडात अनिश्चितता ही तशी नवी गोष्ट नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती, बुलडाण्यात खारपाणपट्टा पसरलाय. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं. पिकाला देता येत नाही, प्यायलाही नको. खाली पाणी असून वरच्या पावसाची वाट बघायची. आमच्या आज्या-आज्यांना या वाट बघण्याची सवय होती आणि त्यात एक गोष्ट त्यांच्या बाजूने होती: पाऊस आला नाही तर तो कुणालाच आला नाही. अख्खं गाव एकदमच बुडायचं. दुष्काळात कुणी आरशात बघून 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं म्हणत नाही. नोकरीचं तसं नाही. ती शेजारच्या घरात लागते आणि आपल्या घरात लागत नाही. एकनाथ एकाच वेळी दोन्ही प्रकारच्या अनिश्चिततेत उभा आहे. पावसाची त्याने बापाकडून घेतली, नोकरीची कॉलेजातून आणली. पहिली सोसायची रीत त्याला घरातून मिळाली आहे. दुसरीची रीत त्याला कुणी शिकवलेली नाही, कारण घरात त्याच्याआधी तिथवर कुणी पोचलंच नव्हतं.

इथे देशमुखांनी एक फार बारीक गोष्ट पकडली आहे. एकनाथ भोळा नाही. आपल्यावर अन्याय कसा होतो, कोण करतं, पैसा कुठून कुठे जातो, हे त्याला नीट कळतं. गावातल्या आणि शहरातल्या माणसांचं त्याचं विश्लेषण एखाद्या कार्यकर्त्याला लाजवेल इतकं स्वच्छ आहे. तरी लाज त्याचीच. व्यवस्था वाईट आहे हे पटलेला माणूस रात्री अंथरुणावर व्यवस्थेला शिव्या देत नाही, स्वतःला देतो. आपल्याला वाटतं, कारण कळलं की ओझं उतरतं. सगळे समाजशास्त्रीय लेख, सगळी भाषणं या भरवशावर चालतात. 'बारोमास' हा भरवसा ठेवत नाही, आणि मला ती या ठिकाणी इतर ग्रामीण कादंबऱ्यांपेक्षा फार पुढे गेलेली वाटते.

मग ओझं उतरतं कशाने? मराठीत या बाबतीत शब्दांचीच अडचण आहे. क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये एक कल्पना नीट मांडली, तिचं मराठी हल्ली 'आत्मकरुणा' असं करतात. शब्द बरा आहे, पण त्याला भाषांतराचा वास येतो. रोजच्या बोलण्यात आपल्याकडे 'स्वतःची कीव' आहे, आणि ती तर शिवीच. कीव वरून खाली केली जाते. स्वतःची कीव करायची तर माणसाला स्वतःच्या डोक्यावर चढून बसावं लागतं. 'कणव' वेगळी. कणव येते, ती करता येत नाही, आणि ती शेजारी उभं राहून येते. नेफ तीन गोष्टी सांगतात: स्वतःशी मायेने वागणं, आपलं दुःख हे माणसाच्या सगळ्या जातीचं आहे हे ओळखणं, आणि जे होतंय ते फुगवून न बघता, न दाबता बघणं. मला कणव हा शब्द या तिन्हीला पुरतो असं वाटतं. आमच्याकडची म्हातारी माणसं 'जिवाले लावून घेऊ नको' म्हणतात, तेही याच वाटेवरचं आहे, फक्त कसं लावून घ्यायचं नाही ते काही सांगत नाहीत.

एकनाथजवळ यातलं काही नाही. ते सगळं निवेदनाजवळ आहे. हे जरा उलगडून सांगते, कारण माझं म्हणणं यावरच उभं आहे.

'बारोमास' वाचताना पहिल्या शंभर पानांत शहरी वाचक थकतो अशी तक्रार मी ऐकली आहे. शब्द फार. शेतीच्या अवजारांचे, गवताचे, गुरांच्या सवयींचे, स्वयंपाकघरातल्या डबा-बुटीचे, म्हणी, वाक्प्रचार, बायकांच्या बोलण्यातले टोमणे. कधी कधी एका कामाचं वर्णन इतकं लांबतं की कथा कुठे गेली असं वाटतं. मला हा कादंबरीचा दोष वाटत नाही. एकनाथ ज्या कामाला काम म्हणायला तयार नाही, त्या कामाला हा निवेदक नावं देत बसलेला असतो. घाई न करता, प्रत्येक हालचालीला. ज्या दिवसाबद्दल एकनाथ म्हणेल 'आज काही केलं नाही', त्या दिवसाची दहा पानं होतात. त्याच्या चिडण्यावर निवेदक त्याला फटकारत नाही आणि त्याची बाजूही घेत नाही. तो नुसता जवळ राहतो. स्वतःकडे असं बघणं एकनाथला जमत नाही, पण वाचकाला त्याच्याकडे असं बघण्याची सवय लागते, आणि चारशे पानं एखादी सवय लागली की ती पुस्तक मिटल्यावर लगेच सुटत नाही. कादंबरीकडून स्वमदतीच्या पुस्तकाची अपेक्षा करू नये हे खरं. पण मी ज्या खोलीबद्दल सांगितलं तिथल्या एकीने 'बारोमास' वाचल्यावर काही दिवस वहीत दिवसभराची कामं लिहून ठेवायला सुरुवात केली होती. अभ्यासाचे तास नाहीत, कामं. पाणी भरलं, गॅसचा नंबर लावला, आईशी बोलले, सहा पानं वाचली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

'कोसला'शी तुलना टाळता येणार नाही, कारण अशा वयाबद्दल मराठीत बोलायचं म्हटलं की सगळे आधी तिथेच जातात. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे, पांडुरंग सांगवीकरही तितक्याच वयाचा. १९६३ चं पुस्तक. पांडुरंग पुण्याला जातो, बापाचा पैसा उडवतो, हाती काही न घेता खानदेशात परत येतो. त्याच्याजवळ एक गोष्ट आहे जी एकनाथजवळ नाही: तो स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. 'मी' म्हणतो. जे काही वाया गेलं त्याला तो आपल्या आवाजात, आपल्या विक्षिप्त विनोदात बसवून घेतो, आणि बसवता बसवता त्याला जगायला थोडी जागा मिळते. एकनाथला 'मी' मिळत नाही. आणखी एक फरक सरळच आहे. पांडुरंगाचा बाप पैसेवाला आहे. वाया जायलाही ऐपत लागते.

जॉन कीट्सने डिसेंबर १८१७ मध्ये भावांना लिहिलेल्या पत्रात कवीच्या एका गुणाबद्दल लिहिलं होतं: उत्तराच्या मागे न धावता शंकेत, धूसरपणात राहता येणं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. डॉक्टरकीचं शिक्षण घेऊन, परवाना मिळवून त्याने तो धंदा सोडून दिला होता. इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक हे पत्र फार प्रेमाने शिकवतात आणि मलाही ते आवडतं. पण अनिश्चिततेत राहणं हा गुण ठरायला मागचं दार आपण आपल्या हाताने लावलेलं असावं लागतं. एकनाथचं दार दुसऱ्याने लावलं आहे.

वऱ्हाडातल्याच आणखी एका कादंबरीकडे वळते, कारण कणवेचा प्रश्न तिथे जास्त उघडा पडतो. उद्धव शेळके अमरावती जिल्ह्यातले. त्यांची 'धग' १९६० साली आली. कौतिक ही तिची नायिका, महादेव तिचा नवरा, शिंप्याचं घर, पदरात लेकरं. महादेव काही नीट कमवत नाही, पुढे त्याला महारोग होतो. थोरला भीमा घरातून निघून जातो. कौतिक राबते, सावरते, पुन्हा राबते. संवादांतली वऱ्हाडी इतकी जिवंत की अमरावतीकडच्या माणसाला ती कानात ऐकू येते.

'धग'बद्दल बोलताना कौतिकच्या जिद्दीचं कौतुक करायची पद्धत पडली आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत तर हे वाक्य ठरलेलंच: परिस्थितीशी झुंज देणारी खंबीर स्त्री. मला हे वाचन पटत नाही. शेळके ज्या दिशेने कादंबरी नेतात ती बघा. कौतिक प्रत्येक वेळी स्वतःला आणखी एकदा उभी करते, आणि प्रत्येक वेळी ती आतून थोडी जास्त जळते. शेवटी तिचं मन तुटतं. कादंबरीचं नाव 'जिद्द' नाही, 'धग' आहे. धग लागणाऱ्याला कुणी शाबासकी देत नसतं, त्याला आधी बाजूला ओढतात. कौतिकला बाजूला ओढणारं कुणी नाही आणि स्वतः बाजूला व्हायचं असतं हे तिला कुणी सांगितलेलं नाही. हार मानायची नाही, हे तिला कळतं. बसायचं कधी, हे कळत नाही. तिशीच्या आसपासच्या एका लेखकाने १९६० मध्ये हे लिहून ठेवलं, आणि आपण अजून त्याच पुस्तकातून स्टेटसला टाकायला जिद्द काढतो.

हे मी जरा तावातावाने लिहिते आहे, कारण स्पर्धा परीक्षांच्या जगात हेच वाचन चालतं. अठरा तास अभ्यास, सहावा प्रयत्न, यशाची मुलाखत. निकाल लागल्यावर ज्यांची नावं नसतात त्यांनाही त्याच मुलाखती दाखवल्या जातात. ज्याचं मन तुटायला आलंय त्याला कौतिकचं उदाहरण द्यायचं असेल तर पुस्तकाचा शेवटही सांगा.

वऱ्हाडी माणसाजवळ अजून एक औषध आहे, ते म्हणजे चेष्टा. पुरुषोत्तम बोरकरांची 'मेड इन इंडिया' (१९८७) त्याचा उत्तम नमुना. पंजाबराव गरसोळीकर पाटील वऱ्हाडी आणि इंग्रजी एकत्र कालवून जे बोलतो त्यात गावाचं, राजकारणाचं आणि स्वतःचंही हसं करून घेतो. हे स्वतःवर हसणं स्वतःचा तिरस्कार करण्यासारखं नाही, कारण त्यात सगळं गाव एकाच टोपलीत असतं. नेफबाईंची दुसरी अट इथे कुठलाही शब्द न वापरता पूर्ण होते. 'आपुन सारेच असे' हे म्हणायला पंजाबरावला मानसशास्त्र लागत नाही. एकनाथ मात्र हसत नाही. देशमुखांनी त्याला थोडं हसू दिलं असतं तर कादंबरी बिघडली असती का? मला वाटतं, नसती बिघडली. गावातली इतर माणसं त्यांच्याकडे भरपूर बोलघेवडी आहेत, त्यांच्या तोंडी टोमणे-म्हणी आहेत. मुख्य माणसालाच त्यातून वगळून ठेवलंय. गांभीर्य फक्त शिकलेल्याच्या वाट्याला येतं असं काहीतरी ग्रामीण कादंबरीने उगाच ठरवून टाकलं आहे.

पण माझी खरी तक्रार दुसरी आहे, आणि ती अलकाबद्दल आहे.

निवेदकाची कणव मोठी आहे असं मी वर म्हटलं. ती सुभानरावांपर्यंत पोचते, शेवंतामायपर्यंत पोचते, गुराढोरांपर्यंत तर सहज. मधूचा अधीरपणाही ती समजून घेते. अलकाजवळ येता येता ती थांबते. अलका आपल्याला बहुतेक एकनाथच्या बाजूने दिसते: तिचं चिडणं, तिच्या अपेक्षा, माहेरची ओढ. तिची किरकिर आपण ऐकतो, तिचा दिवस आपल्याला मिळत नाही. आता हिशेब करा. तीही तरुण आहे. तीही शिकली. तिला जे सांगितलं गेलं होतं ते घडलं नाही. एकनाथ निदान आपल्या गावात, आपल्या माणसांत आणि आपल्या बोलीत बेकार आहे. ती परक्या घरात, दुसऱ्याच्या चुलीपुढे बेकार आहे, आणि तिच्या बेकारीला कुणी बेकारी म्हणतही नाही. 'तुझा नवरा लागला का?' असं तिला विचारतात. 'तू लागलीस का?' हे कुणाच्या मनातही येत नाही. ज्या कादंबरीने एका तरुणाच्या मोजल्या न गेलेल्या कामाला दहा दहा पानं दिली, तिने एका तरुणीच्या मोजल्या न गेलेल्या कामाला ती दिली नाहीत.

याला एक उत्तर आहे आणि ते प्रामाणिक आहे: ही एकनाथची कादंबरी आहे, आणि त्याच्या कोंडमाऱ्यात त्याला बायको जशी दिसली तशीच ती आपल्याला दिसणार. ठीक. पण मग त्याच्या स्वतःवरच्या रागाचा एक भाग तिच्यावर कसा सांडतो, तेही आपण वाचायला हवं. ज्याला स्वतःची कणव येत नाही तो शेजारच्यालाही तेच माप लावतो. घरातली भांडणं मला या उजेडात वाचावीशी वाटतात. कोण बरोबर, हा प्रश्न तिथे फारसा उपयोगाचा नाही. दोघेही एकाच वहीतून एकमेकांचे मार्क वाचून दाखवत असतात, आणि ती वही दोघांपैकी कुणाचीच नसते.

अकोल्या-अमरावतीकडे आज कुणी मुलगी मोबाइलवर काही लिहीत असेल, आणि तिला विषय हवा असेल, तर मला तिच्याकडून एक पुस्तक हवं आहे. अलका माहेरी असते तेव्हा सकाळी कितीला उठते? भावाच्या लेकरांचा अभ्यास घेते का? शेजारची काकू 'किती दिवस राहणार?' म्हणते तेव्हा ती ओट्याकडे वळून काय पुसत राहते? पेपरातली शिक्षकभरतीची जाहिरात ती कापून ठेवते का, आणि ठेवते तर कोणत्या डब्यात?